ग्रामातिकेत नसलेलं नाव

रनाळे, १९ नोव्हेंबर १९२६

सासूबाईंच्या एकुलत्या चिरंजिवांस,

साष्टांग नमस्कार. पार्सल पोचलं. दिवाळीला म्हणून पाठवलेलं दिवाळी उलटल्यावर आलं, पण आलं. सासूबाईंना वाटलं, लेकानं परदेशातून मिठाई धाडली. दोरा तोडला तर आत पुस्तक. तांबडा पुठ्ठा, वर सोनेरी अक्षरं. त्यांनी ते उलटं धरून पाहिलं, सुलटं धरून पाहिलं, वास घेतला आणि विचारलं, "हाई खावानं शे का?" मी म्हटलं, नाही, शिकायचं आहे. "मंग तूच खाय," म्हणाल्या आणि गोठ्यात निघून गेल्या.

आतली चिठ्ठी मी नीट वाचली. सुरतेला आगबोटीच्या एजंटाची पेढी आहे, तिथं दमणचा फिरंगी साहेब अधूनमधून येतो, बाई खरंच अमक्याची बायको आहे की कुणी भलतीच पुढे केली आहे याची पारख करतो. जी त्याच्या भाषेत सरळ उत्तरं देते तिच्यावर त्याचा विश्वास बसतो आणि तिला आफ्रिकेत लोरेन्सो मार्केसला यायचा कागद मिळतो. म्हणून हे पुस्तक शीक, असं आपण लिहिलंत. सगळं समजलं. खाली एक ओळ आहे, "पुढच्या दिवाळीपर्यंत वाट बघीन, त्यापुढे नाही." ती आपण गमतीनं लिहिली असेल असं धरून चालते. गंमत नसेल तरी माझ्या हातात काय आहे? हे पुस्तक आहे.

पाकिटावरचं अक्षर ओळखीचं नाही म्हणून बुचकळ्यात पडू नका. पत्र माझं, पत्ता दुसरीचा. इथल्या स्टेशनमास्तरांची नवीन बदली झाली, ते गोव्याचे. त्यांच्या क्वार्टरला आपल्याकडचं दूध जातं. मास्तरीणबाईंना ती भाषा येते. पुस्तक बघून त्यांनी पुठ्ठ्यावरचा शब्द मला वाचून दाखवला, ग्रामातिका. म्हणजे व्याकरण. त्या म्हणाल्या, पोर्तुगीजांचा हाच शब्द, शेजारच्या स्पेनवाल्यांचाही हाच, त्यांच्या सगळ्या भाऊबंदांत थोड्याफार फरकानं हाच. एवढे देश एका शब्दावर एकमत आहेत हे ऐकून मला नवल वाटलं. आपल्या घरात तीन माणसं आहेत आणि भाजीच्या मिठावर एकमत होत नाही.

तर पत्ता त्याच लिहितात. बाकीचा मलाही जमेल हळूहळू, पण वरची पहिली ओळ माझ्या हातून कशी लिहवेल? आपल्या आईचं म्हणणं आपल्याला माहीत आहे. माझ्या लग्नात उंबऱ्यातच त्यांनी कानात सांगितलं होतं, "धनीनं नाव लेवो नही बाई, त्यान्हं आयुष्य कमी व्हस." मी ते आजवर पाळलं. नुसतं पाळलं नाही, मला ते खरं वाटतं. आपण एवढ्या लांब, समुद्रापलीकडे, तापाच्या मुलखात. मी उगाच का जोखीम घेऊ?

आणि मी एकटी नाही. मामंजींनी आपण गेलात त्या दिवसापासून आपलं नाव घेतलेलं नाही. ऐन पेरणीत पाभर शेतात उभी टाकून आपण सुरतेला आगबोटी बघायला गेलात, परत आलात ते जायचं ठरवूनच. तेव्हा ते ओट्यावर उभं राहून म्हणाले होते, "आजपाईन ह्या घरमा तुन्हं नाव कोनी लेनार नही." पाच वर्षं झाली. ते रागानं घेत नाहीत, सासूबाई त्यांच्या भीतीनं घेत नाहीत, मी आपल्या काळजीनं घेत नाही. या घरात आपल्याबद्दल बोलतात सगळे, पण बिननावाचं.

आपली,
प्रमिला


रनाळे, ६ फेब्रुवारी १९२७

ग्रामातिका पाठवणाऱ्यांस,

आपण विचारलंत, शिकते आहेस की पुस्तक चुलीत गेलं. चुलीत जायची वेळ आली होती, ती हकीकत सांगते.

तिसऱ्या धड्यात 'जवळ असणं' आहे. एउ तेन्यु, माझ्याजवळ आहे. तु तेंश, तुझ्याजवळ आहे. एलि तें, त्याच्याजवळ आहे. मास्तरीणबाई म्हणाल्या, पाठ कर, सगळी भाषा याच्यावर उभी आहे. मी ताक करताना म्हणत होते. रवीच्या ठेक्यावर छान बसतं. शेजारच्या सरलाबाई विस्तव मागायला आल्या आणि तशाच पाठमोऱ्या पळाल्या. घटकाभरात सासूबाई मीठमिरच्या घेऊन हजर, मागे सरलाबाई. माझ्यावरून ओवाळल्या, विस्तवात टाकल्या, आणि मिरच्यांचा ठसका लागला नाही म्हणून घाबरून अजून टाकल्या. मग आम्ही तिघी खोकत अंगणात.

मामंजी शेतातून आले. सासूबाई म्हणाल्या, "सून काय तरी बडबड करी ऱ्हायनी, ते पुस्तक उनं तवपाईन." मामंजींनी पुस्तक हातात घेतलं. मला वाटलं, आता संपलं. त्यांनी पुठ्ठ्यावरची धूळ उपरण्यानं पुसली आणि देवळीत, स्वतःच्या तपकिरीच्या डबीशेजारी उंच ठेवलं. म्हणाले, "म्हशी जवळ ठेवो नही. खाई जाई." बस.

तेव्हापासून रोज संध्याकाळी दुधाची चरवी घेऊन निघायची वेळ झाली की तेच मला आठवण करून देतात. "तुन्ही शाळा शे ना?" एवढंच. आपला विषय नाही, देशाचा नाही, आगबोटीचा नाही. माझी शाळा तेवढी आहे त्यांच्या लेखी. पण परवा मास्तरीणबाईंच्या अंगणात मी धडा म्हणत होते, तर कुंपणाबाहेर ते बैल धरून उभे दिसले. बैलांना तिकडे काही काम नव्हतं.

मास्तरीणबाई फार चांगल्या आहेत आणि फार रागावतात. "अगो, अर्धं नाकातून काढ. तुला पडसं झालंय असं समज." मला वाक्यं करायला लावतात. मी करते. माझ्याजवळ म्हैस आहे. माझ्याजवळ सासू आहे. म्हशीजवळ रेडकू आहे. मग त्या म्हणाल्या, नवऱ्यावर कर. मी केलं, एलि तें काझा. त्याच्याजवळ घर आहे. एलि तें मुल्येर. त्याच्याजवळ बायको आहे. हे म्हणताना मला हसू आलं आणि मग रडू आलं, ते त्यांनी पाहिलं, आणि त्या दिवशी धडा तिथंच थांबवून मला नारळाची वडी दिली.

आपल्या चिठ्ठीत या खेपेस माझ्याविषयी एक ओळ होती, बाकी सगळं दुकानाविषयी. दुकान मोठं झालं, छान झालं. तिथं आपलं जेवण कोण करतं ते आपण लिहीत नाही. मी विचारत नाही, नुसती आठवण करून देते.

आपली,
प्रमिला


रनाळे, ३ एप्रिल १९२७

ज्यांच्यासाठी पेटी भरली त्यांस,

एजंटाचं पत्र आलं. दमणचा साहेब या महिन्यात सुरतेला येणार, मला बोलावलं आहे. मामंजी बरोबर येणार. मला वाटलं होतं माझ्या भावाला निरोप धाडावा लागेल, पण मामंजी आपणहून म्हणाले, "मी जास." का ते विचारायची माझी छाती नाही. सासूबाई तीन दिवसांपासून खान्देशी मिरची कुटताहेत. म्हणतात, तिकडे मिरचीला तिखट नसतं. मी म्हटलं, अहो, आता नुसता कागद मिळायचा आहे, जायचं पावसाळ्यानंतर. त्या ऐकत नाहीत. मिरची कुटताना डोळ्यांतून पाणी आलं तर कोणी विचारत नाही, तेवढी त्यांची सोय झाली आहे.

माझी तयारी पक्की आहे. मास्तरीणबाईंनी साहेब होऊन मला खुर्चीसमोर उभं केलं आणि वेडेवाकडे प्रश्न विचारले. लग्न केव्हा झालं? गाव कुठलं, नदी कुठली? नवरा तिथं काय करतो? केव्हा गेला? घरात कोण कोण? मी एकाही ठिकाणी अडले नाही. पुस्तकातलं कुठलंही पान उघडून वाचायला लावलं, तेही वाचलं. शेवटी त्या उठल्या, माझ्या गालाला हात लावून म्हणाल्या, "जा बाय. तुला कोण अडवणार?"

मीही तेच विचारते आहे. मला कोण अडवणार? आपण आणलेली हिरवी साडी नेसून जाईन. आजवर नेसले नव्हते, ठेवून दिली होती.

आपली,
प्रमिला


रनाळे, २१ एप्रिल १९२७

यांस,

एजंटानं आपल्याला कळवलंच असेल. त्याच्या आधी माझ्याकडून कळावं असं वाटत होतं, पण हात चालत नव्हता.

झालं ते जसंच्या तसं लिहिते. पेढीच्या माडीवर मोठी खोली, साहेब टेबलामागे, शेजारी त्याचा गोव्याचा कारकून. मामंजी माझ्या बाजूला, पागोटं घातलेले. साहेबानं विचारलं, मी सांगितलं. लग्न, गाव, तापी, दुकान. साहेब खुर्चीत पुढे सरकला. कारकुनानं मान डोलावली. साहेबानं पुस्तक मागितलं, पान उघडून दिलं, मी वाचलं. तो हसला, कारकुनाला काहीतरी म्हणाला. मला समजलं, तो म्हणाला, ही माझ्या बहिणीपेक्षा बरी वाचते.

मग त्यानं टाक उचलला आणि सहज विचारलं, नवऱ्याचं नाव काय?

प्रश्न मला समजला. पुस्तकातला सगळ्यात सोपा प्रश्न तो. पण मास्तरीणबाईंनी तो मला कधी विचारला नव्हता. त्यांनी का विचारावा? पाकिटांवर त्याच तर ते लिहीत होत्या. आणि त्या आपल्या नवऱ्याला दिवसभर नावानं हाका मारतात, त्यांच्या ध्यानात कसं यावं की हा प्रश्न अवघड आहे? आणि माझ्या? माझ्या का नाही आलं ध्यानात? मी साऱ्या भाषेची तयारी केली आणि हे एक माणूस सहज विचारील हे मला सुचलं नाही.

मी त्याच्या भाषेत म्हटलं, मी त्यांची बायको आहे. साहेब म्हणाला, हो, पण नाव? मी म्हटलं, ते यांचे चिरंजीव. आणि मामंजींकडे बोट केलं. साहेब मामंजींकडे वळला. कारकुनानं मराठीत विचारलं, "काका, मुलाचं नाव सांगा."

मामंजींनी तोंड उघडलं. मी पदराआडून बघत होते. त्यांचे ओठ हलले. आणि ते जमिनीकडे बघत राहिले. साहेबानं टेबलावर टाक आपटला. बायकोला नवऱ्याचं नाव ठाऊक नाही, बापाला मुलाचं नाव ठाऊक नाही. त्यानं नकाराचे दोन शब्द कागदावर ओढले आणि पुढच्या बाईला बोलावलं.

माझ्या तोंडात आपलं नाव होतं. जिभेवर होतं, नुसते दात उघडायचे होते. पण समोर सासरे, परका पुरुष, आणि आपण समुद्रापलीकडे एकटे. आपल्याला काही झालं तर? मी ते गिळलं. आता लिहिताना वाटतं की म्हणायला हवं होतं, आणि परत उद्या तिथं उभी केली तर परत गिळीन असंही वाटतं. माझं मलाच काही सुधरत नाही.

आम्ही परतीची गाडी धरली. नवापूरला मामंजी उतरून माझ्यासाठी शेंगा घेऊन आले, पुडी माझ्या मांडीवर ठेवली आणि खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मन्हा तोंडमाईन बी निंघनं नही, पोरी." मी सून. इतक्या वर्षांत त्यांनी मला पोरी म्हटलं नव्हतं. शेंगा आम्ही दोघांनीही खाल्ल्या नाहीत.

आपण तिथल्या साहेबाला लिहून द्या की ही माझी बायको आहे. एका ओळीचं काम आहे.

आपली,
प्रमिला


रनाळे, १४ ऑगस्ट १९२७

रागावलेल्यांस,

आपलं पत्र आलं. "एका नावासाठी सगळ्यावर पाणी सोडलंस, असली अडाणी बाई मी इथं कुठं उभी करू," असं आपण लिहिलंत. सासूबाई म्हणाल्या, वाच. मी त्यांना वाचून दाखवलं की आपण खुशाल आहात, तिकडे आता थंडीचे दिवस आहेत आणि मिरचीची आठवण येते. त्या खूश झाल्या. आता आपण मिरचीबद्दल खरंच एकदा लिहा, म्हणजे माझं खोटं खरं होईल.

मला राग आला आहे. स्पष्ट लिहिते. मी अडाणी असेन, पण ज्या अडाणीपणासाठी आपण मला बोल लावता तो आपल्याच आईनं आपल्याच दीर्घायुष्यासाठी मला शिकवला. मी तो मोडला असता आणि आपल्याला काही झालं असतं, तर गावानं मला काय म्हटलं असतं? आता काही झालं नाही, तर आपणच म्हणता. आणि मी लिहिलं होतं की तिथल्या साहेबाला एक ओळ लिहून द्या. त्याबद्दल आपल्या पत्रात काहीच नाही. विसरलात असं धरून चालते.

बरं, राग संपला. उपाय सांगते, तो मास्तरीणबाईंनी काढला. सगळं ऐकून त्या आधी कपाळाला हात लावून बसल्या, स्वतःलाच बोल लावू लागल्या. मग म्हणाल्या, "पण तुम्ही लग्नात नाव घेता ना गो? मी ऐकलंय." मी म्हटलं, ते उखाण्यात. उखाण्यात चालतं. "मग उखाण्यात घे." मी म्हटलं, फिरंग्यासमोर उखाणा? त्या म्हणाल्या, "त्याला समजेल असा कर."

तर असा केला आहे:

भिंतीला पारेद, दाराला पोर्ता, समुद्राला मार,
— — चं नाव घेते, उघडा साहेब दार.

मधली रेघ म्हणजे आपण. हसू नका. मी तो म्हशींना म्हणून दाखवला, रेघेच्या जागी खरं नाव घालून, अगदी हळू. म्हशीनं कान हलवला. आभाळ काही कोसळलं नाही. पण घरी येऊन मी देवापुढे दिवा लावला, आणि पुढचं आपलं पत्र येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता. ते हे रागाचं पत्र. रागावलेला माणूस जिवंत असतो, म्हणून मला ते वाचताना रडता रडता बरंही वाटलं.

साहेब पुन्हा आश्विनात येणार आहे. दिवाळीच्या आत. आपण दिलेल्या मुदतीत मी येते आहे.

आपली,
प्रमिला


रनाळे, १७ ऑक्टोबर १९२७

आपणांस,

मी नाव घेतलं.

तीच माडी, तोच साहेब, तोच कारकून. मामंजी दारापर्यंत आले आणि जिन्यावरच थांबले. म्हणाले, "तू जाय मधमा. मी आठे बससू." सासऱ्यासमोर घ्यायला नको म्हणून ते बाहेर राहिले, हे मला समजलं. मी आत गेले. साहेबानं मला ओळखलं, कपाळाला आठी घातली. त्यानं विचारायच्या आधीच मी पदर कपाळावर ओढला, डोळे मिटले आणि उखाणा म्हटला. मोठ्यानं म्हटला. रेघेच्या जागी आपलं पूर्ण नाव, आडनावासकट. खोलीत बसलेल्या बायका माना वळवून बघू लागल्या. कारकून हसला, चांगलं हसला, साहेबाला समजावून सांगू लागला, साहेबही हसला. मला वाटलं, झालं. दार उघडलं.

मग कारकुनानं तिकडून आलेला कागद काढला. वाचला आणि त्याचं हसू गेलं. त्यानं तो साहेबापुढे सरकवला. साहेबानं वाचून माझ्याकडे पाहिलं, आणि मग ते दोघं एकमेकांशी आपल्या भाषेत हळू बोलू लागले, कारण त्यांना वाटलं मला काय कळणार. मला कळलं. साहेब म्हणाला, त्या माणसानं तिथं लिहून दिलं आहे. एलि नाऊं तें मुल्येर.

तिसऱ्या धड्यातलं वाक्य. त्याच्याजवळ बायको नाही. मी हे वाक्य मास्तरीणबाईंच्या अंगणात उलटं करून म्हटलं होतं. न समजण्याची कुठं सोयच नव्हती. वर्षभर ती ग्रामातिका घोकली ती एवढंच ऐकण्यासाठी उपयोगी पडली. पुस्तक नसतं आलं तर कारकुनानं मला काहीतरी गोड सांगून परत पाठवलं असतं.

कारकुनानं तरी सांगायचा प्रयत्न केला. म्हणाला, "बाई, कागदात काही घोळ आहे, घरी जा, पत्र लिहा." मी त्यांच्या भाषेत म्हटलं, घोळ नाही, मी समजले. साहेबानं मान खाली घातली. त्याच्यावर माझा राग नाही. त्यानं मला पाणी दिलं.

जिन्यावर मामंजी बसले होते. त्यांनी उखाणा ऐकला असणार, माडीभर ऐकू गेला होता. माझ्या तोंडाकडे बघून ते उठले आणि जिना उतरू लागले. नवापूरला ते या वेळी उतरले नाहीत.

चैत्रात मी नाव घेतलं नाही म्हणून तिथल्या कागदावर मी आपली कोणी नाही असं झालं. आपल्याला ते सोयीचं पडलं, आणि आपण त्याखाली सही केलीत. तिथं कोणी आहे का, हे विचारत नाही. दिवाळीपर्यंत वाट बघीन असं आपण लिहिलं होतंत. दिवाळी अजून आठवड्यावर आहे. मी आपल्या मुदतीच्या आत पोचले होते, एवढं तरी ध्यानात असू द्या.

भांडायला हे पत्र लिहीत नाही. भांडून काय होणार, मधे समुद्र आहे. दुसरंच एक मागणं आहे. मी नाव घेतलं ना, तेव्हापासून मला झोप नाही. गावात कोणी खोकलं तरी माझा जीव दचकतो. आपल्याला तिथं ताप तर आला नसेल? पाय घसरला, साप चावला, होडी उलटली, काहीही मनात येतं. आपण लिहून दिलंत की मी बायको नाही. तसं असेल तर माझ्या नाव घेण्यानं आपल्याला काही व्हायचं कारण नाही, असं मी स्वतःला समजावते. पण मनाला पटत नाही. म्हणून एवढंच करा. मला बोलावू नका, माझ्याबद्दल काही लिहू नका. नुसतं लिहा की बरा आहे. सासूबाईंच्या नावानं लिहा, वाटल्यास. वाचणार मीच आहे.

मिरचीची पुडी पार्सलनं निराळी पाठवली आहे. कुटलेली मिरची ठेवून काय करायची?

मास्तरांची बदली झाली, मास्तरीणबाई गेल्या आठवड्यात भुसावळकडे गेल्या. जाताना मला जवळ घेऊन रडल्या, म्हणाल्या, मी तुला आधी तोच प्रश्न विचारायला हवा होता. त्यांना काय सांगणार?

त्यामुळे पत्ता लिहायला आता कोणी नाही. गाव, रस्ता, देश, सगळं मी त्यांच्या लिपीत स्वच्छ लिहिलं आहे. पहिली ओळ कोरी आहे. सकाळपासून टाक धरून बसले आहे. एकदा तोंडानं घेतलं, आता हातानंही घ्यायचं म्हणजे आपल्यावर दोनदा वार केल्यासारखं वाटतं. होत नाही माझ्यानं.

इथपर्यंत लिहिलं आणि मामंजी ओट्यावरून उठून आत आले. किती वेळ बघत होते कोण जाणे. म्हणाले, "आन आठे. त्यान्हं जुनं पाकीट बी आन." मी दिलं. चष्मा नाकावर चढवून ते माझ्या शेजारी खाली बसले. आपल्या जुन्या पाकिटाच्या मागच्या बाजूला आपण स्वतःचं नाव लिहिलेलं आहे, ते समोर ठेवून त्यांनी रांगोळीचे ठिपके जोडावे तशी एक एक रेघ उतरवली. त्यांना त्या लिपीतलं एकही अक्षर येत नाही. दोन ठिकाणी शाई सांडली आहे, पण वाचता येईल. लिहून झाल्यावर त्यांनी त्यावर फुंकर घातली, आणि त्या अक्षरांवरून बोट फिरवत ते आपलं नाव मोठ्यानं म्हणाले.

सासूबाई चुलीपाशी भाकरी थापत होत्या. त्या पिठाच्या हातांनी तशाच बाहेर आल्या. आमच्याकडे पाहिलंच नाही त्यांनी. नाव ऐकून त्या सरळ दाराकडे बघत राहिल्या. अजून तिथंच उभ्या आहेत.

प्रमिला